मैदान कोणाचे?

खेळांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा धावांचा, बळींचा आणि विजयांचा हिशेब ठेवतात. सामना कोठे झाला, हे स्थळाच्या रकान्यात एका शब्दाने नोंदविले की त्यांचे काम भागते. त्या एका शब्दामागे जागेचा मालक कोण होता, खुर्च्या कोणी वाटल्या, दारावर पैसे कोणी घेतले आणि सावलीत कोण बसले, असा निराळाच इतिहास दडलेला असतो. जयापजयाच्या यादीपेक्षा तो पुष्कळदा अधिक बोलका असतो, असे आम्हांस वाटते.

एखाद्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने आपल्या आवाराबाहेरचे सामने कोठे खेळावेत, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. आवारातील जागा अपुरी पडते, प्रेक्षक वाढतात, कोणी तरी मोठे सभागृह देऊ करतो आणि संघ तिकडे जातो. यात विचार करण्यासारखे ते काय? पण जयपुरात येऊन राहिलेल्या आम्हां बदलीवाल्या मंडळींना या प्रश्नातील खोच चटकन कळावी. सरकारी निवासस्थानाच्या भिंतीत खिळा ठोकावयाचा झाला तरी आपला हात क्षणभर थांबतो. घर आपले असते, भिंत आपली नसते. संघाचेही तसेच आहे.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी जागेच्या अडचणीतून झाला. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बाहेर थंडी आणि आत कंटाळलेले विद्यार्थी, अशा पेचात सापडलेल्या जेम्स नायस्मिथ या शिक्षकाने व्यायामशाळेत पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. पुढे चाळीस वर्षे तो महाविद्यालयांच्या छोट्या छोट्या व्यायामशाळांतच वाढला. न्यूयॉर्कचा नेड आयरिश नावाचा एक बातमीदार एकदा अशाच गच्च भरलेल्या व्यायामशाळेत खिडकीतून शिरताना आपली विजार फाडून बसला आणि त्या फाटलेल्या विजारीतून त्यास मोठ्या सभागृहाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, २९ डिसेंबर १९३४ रोजी त्याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात एकाच रात्री महाविद्यालयीन संघांचे दोन सामने लावले आणि सोळा हजारांहून अधिक लोक लोटले. तेव्हापासून गार्डन हेच न्यूयॉर्कच्या महाविद्यालयांचे जणू घर बनले. मात्र घरमालक निराळा होता, आणि त्या घरात पैजा लावणारांचा राबता होता.

१९५० साली सिटी कॉलेजच्या संघाने त्या देशातील दोन्ही प्रमुख महाविद्यालयीन स्पर्धा एकाच हंगामात जिंकल्या. हे कॉलेज फी न घेणारे; त्यात शिकणारी मुले गरीब, पुष्कळशी ज्यू आणि निग्रो घरांतील. त्यांच्या विजयाचे त्या शहरास केवढे अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करता येते. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, यांपैकी कित्येक खेळाडूंना पैजेवाल्यांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक हवा तसा ठेवल्याच्या आरोपावरून अटक झाली. प्रकरण इतर महाविद्यालयांपर्यंतही पसरले. सिटी कॉलेजच्या संघाला गार्डनमध्ये खेळण्याची बंदी झाली आणि तो पुन्हा आपल्या आवारातील लहानशा व्यायामशाळेत परतला. दोष खेळाडूंचा होता, यात शंका नाही. पण ज्या सभागृहात खेळ पाहणारांत विद्यार्थी थोडे आणि हिशेब मांडणारे पुष्कळ, तेथे वीस वर्षांच्या मुलांना नेऊन उभे करणारांचा दोष कमी होता, असे आम्ही म्हणणार नाही.

आता आपल्या राजस्थानाकडे वळू. येथील क्रिकेटचा इतिहास न्यूयॉर्कच्या नेमका उलटा आहे. तेथे महाविद्यालयाचा संघ आवाराबाहेर गेला. येथे प्रांताचा संघ महाविद्यालयाच्या आवारात आला. राजपुतान्याच्या क्रिकेटचे पहिले नामांकित मैदान म्हणजे अजमेरच्या मेयो कॉलेजचे. १९२६ साली आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा राजपुताना व मध्य हिंदुस्थान यांच्या संयुक्त संघाशी त्याचा सामना झाला तो याच मैदानावर. १९३१ साली राजपुताना क्रिकेट संघटना स्थापन झाली तीही अजमेरलाच.

अजमेरच का? याचे उत्तर नकाशात आहे. जयपूर, जोधपूर, उदेपूर, बिकानेर ही सारी संस्थाने. प्रत्येकाचा राजा निराळा, मान निराळा आणि परस्परांविषयीचा जुना हेवा तर सर्वांत निराळा. त्यांच्या मध्यभागी अजमेर-मेरवाडा हा एवढाच मुलूख थेट इंग्रजांच्या अंमलाखाली होता. राजपुत्रांच्या शिक्षणासाठी काढलेले मेयो कॉलेज तेथे होते. अमक्या राजाने तमक्याच्या मैदानावर पाहुणा म्हणून जावे, हा पेच अजमेरात उत्पन्न होत नव्हता. आज ज्यास तटस्थ मैदान म्हणतात, ते राजपुतान्याला असे परक्या सत्तेच्या कृपेने मिळाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अजमेर राजस्थानात विलीन झाले, आणि योगायोग असा की, त्याच १९५६-५७ च्या हंगामापासून रणजी करंडकाच्या यादीत राजपुताना हे नाव जाऊन तेथे राजस्थान हे नाव आले.

जयपूर शहरात त्यापूर्वी मैदान नव्हते असे नाही. १७२७ साली सवाई जयसिंहाने हे शहर आखले, तेव्हा राजवाड्यालगत चौगानासाठी मोकळी जागा राखली होती. चौगान हा शब्द फारसी. घोड्यावर बसून काठीने चेंडू मारण्याच्या, म्हणजे पोलोच्या, खेळास आणि त्या काठीसही तो लावीत. येथे हत्तींच्या झुंजी होत, तीज आणि गणगौरीच्या सवाऱ्या येत, आणि बुरुजांवर बसून राजघराण्यातील मंडळी ते पाहत. (या जागेच्या जवळच असलेल्या पौंड्रिक उद्यानात फिरावयास जाणाऱ्या आमच्या वाचकांस हे ठाऊक असावे की, हे नाव ज्यांच्यामुळे पडले ते जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होत. जयपुरात बदलून आलेला पहिला मराठी अधिकारी म्हणावयास हरकत नाही. फक्त त्यांस परत बदली मिळाली नाही.) चौगानाचे स्वरूप असे की, तेथे यजमान एकच होता. खेळणारे, पाहणारे आणि हत्तीसुद्धा राजाचे पाहुणे.

महाराजा सवाई मानसिंह (दुसरे) यांच्या काळात पोलोचे वैभव रामबागेकडे सरकले. १९३३ साली त्यांचा जयपूर संघ घोड्यांसह इंग्लंडला गेला आणि त्या हंगामातील सर्व प्रमुख खुल्या स्पर्धा जिंकून आला. परक्या भूमीवर, परक्या हिरवळीवर मिळविलेला तो विजय मोठाच. पण जो राजा आपले घोडे जहाजात घालून नेऊ शकतो, त्यास मैदान कोणाचे हा प्रश्न फारसा सतावत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सामान्य संघास घोडे नेता येत नाहीत. त्यास यजमान देईल त्या खेळपट्टीवर खेळावे लागते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली; संस्थानिकांचा क्रिकेटवरील लोभ मात्र गेला नाही. उदेपूरचे महाराणा भगवतसिंह स्वतः राजस्थानकडून खेळत आणि दूरदूरचे खेळाडू जमवीत. विनू मंकड पन्नाशीच्या उत्तरार्धात राजस्थानकडून खेळले, सुभाष गुप्ते खेळले, साठीत विजय मांजरेकर खेळले. सलीम दुराणी, हनुमंतसिंह, राजसिंह डुंगरपूर ही नावे तर राजस्थानचीच म्हणून प्रसिद्ध आहेत. या संघाने १९६०-६१ पासून १९७३-७४ पर्यंत आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम लढतीत धडक मारली आणि आठही वेळा हार खाल्ली. त्यांपैकी सात वेळा समोर मुंबई होती. ही मुंबई म्हणजे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक आपल्या कपाटात ठेवणारी मुंबई होय.

या आठ लढतींची स्थळे पाहावीत. पाच मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाल्या. उरलेल्या तिन्ही राजस्थानात. आणि त्यांपैकी पहिल्या दोन कोठे? १९६०-६१ ची उदेपूरच्या महाराणा भूपाल कॉलेजच्या मैदानावर आणि १९६२-६३ ची जयपुरात महाराजा कॉलेजच्या मैदानावर. देशातील सर्वश्रेष्ठ देशी स्पर्धेची अंतिम लढत एका महाविद्यालयाच्या क्रीडांगणावर व्हावी, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटेल. मुंबईचे खेळाडू ब्रेबोर्नच्या क्लब हाऊसमधून निघून १८४४ साली स्थापन झालेल्या या विद्यालयाच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल कोणास ठाऊक. पण राजस्थानच्या दृष्टीने ती अडचणीतून काढलेली वाट असली तरी कमीपणाची नव्हती. त्या प्रांतात त्या वेळी राजाचे नसलेले, इंग्रजांचे नसलेले, ज्यावर विद्यार्थी रोज खेळतात असे मैदान म्हणजे कॉलेजचेच होते.

त्या लढतीच्या वेळी जयपुरात नोकरीनिमित्त असलेल्या मराठी माणसाची काय अवस्था झाली असेल, हा विचार आम्हांस नेहमी गमतीचा वाटतो. एका बाजूस मुंबईचा संघ. दुसऱ्या बाजूस ज्या राजस्थानने मुंबईच्याच मातीत घडलेल्या मांजरेकर-गुप्त्यांना जवळ केले तो संघ. मन एकीकडे आणि शिधापत्रिका दुसरीकडे! टाळी कोणासाठी वाजवावी? आमच्या मते अशा वेळी चांगल्या फटक्यास टाळी वाजवून मोकळे व्हावे. मुंबई जिंकली, तेव्हा घरी जाऊन गोड करणारे निघालेच असतील.

पण मुंबईचे मैदान तरी मुंबईकरांचे होते काय? या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे. मुंबईच्या क्रिकेटचे जुने केंद्र म्हणजे बॉम्बे जिमखाना. चौरंगी सामने तेथे होत, १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामनाही तेथेच झाला. पण त्या जिमखान्याचे सभासदत्व हिंदी माणसास खुले नव्हते. हजारो लोक तंबूत व फळ्यांवर बसून पाहत आणि पक्क्या छपराखाली यजमान बसत. त्याहून कठोर गोष्ट पुण्यात घडली. पळवणकर बाळू यांच्यासारखा श्रेष्ठ डावखुरा गोलंदाज हिंदूंच्या बाजूने खेळे. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांस चालत होता, पण चहाच्या वेळी त्यास तंबूबाहेर मातीच्या भांड्यात निराळा चहा देण्यात येई. मैदान आपल्याच लोकांचे असूनही बाळूंना ते घरचे नव्हते. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कप्तान झाले, तेव्हा कोठे त्या घराचे दार थोडे उघडले.

१९३७ साली समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले. आता तरी प्रश्न मिटावा. पण त्याच वर्षी तेथे भरलेल्या पहिल्या पंचरंगी सामन्यांतून हिंदू संघाने अंग काढून घेतले, कारण त्यांच्या वाट्यास आलेल्या जागा अपुऱ्या होत्या. ब्रेबोर्नचे मालक होते क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. पस्तीस वर्षांनी हाच वाद मुंबई क्रिकेट संघटना आणि क्लब यांच्यात पुन्हा उद्भवला: सामना आम्ही भरवावयाचा, खेळाडू आमचे, आणि खुर्च्या तुम्ही मोजून द्यावयाच्या, हे किती दिवस चालावे? एका बाजूस विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूस शेषराव वानखेडे. त्या भांडणातून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. एका शहरात अर्ध्या कोसावर दोन प्रचंड स्टेडियमे खुर्च्यांच्या वाटपावरून उभी राहिली, असा दाखला अन्यत्र क्वचितच सापडेल.

जयपुरात सवाई मानसिंह स्टेडियम १९६९ साली रामबागेजवळ झाले. ज्यांचे नाव त्यास दिले ते महाराज पुढच्याच वर्षी, जून १९७० मध्ये, इंग्लंडमध्ये पोलो खेळत असताना निवर्तले. कॉलेजच्या मैदानाची गरज आता उरली नाही. १९७३-७४ ची अंतिम लढत या नव्या स्टेडियमवर झाली. मुंबईचा काटा कर्नाटकने उपांत्य फेरीतच काढला होता. राजस्थानला वाटले असेल की, आता स्वतःचे स्टेडियम, स्वतःचे प्रेक्षक आणि समोर मुंबई नाही. कर्नाटक जिंकले.

या स्टेडियमने पुढे मोठमोठे पाहुणे पाहिले. फेब्रुवारी १९८७ मध्ये भारत-पाकिस्तान कसोटी येथे झाली. सरहद्दीवर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना जनरल झिया-उल-हक सामना पाहण्याच्या निमित्ताने जयपुरात आले. गावसकर सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर इम्रान खानला बळी पडले. पुढे पावसाने खेळात व्यत्यय आला, खेळपट्टीवर लाकडाचा भुसा आढळला म्हणून पाकिस्तानने हरकत घेतली, आणि सामना अनिर्णित राहिला. जयपुरात झालेली कसोटी ती एवढीच. यजमानाच्या हातात खेळपट्टी असते, या जुन्या संशयाचे ते एक चांगले उदाहरण आहे. भुसा कोणी आणि का टाकला यापेक्षा, पाहुण्यास तो मुद्दाम टाकलासा वाटला, हे महत्त्वाचे.

याच संशयावर उपाय म्हणून २०१६-१७ च्या हंगामात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एक धाडसी प्रयोग केला. रणजी करंडकाचे सारे सामने तटस्थ मैदानांवर खेळवावयाचे ठरले. कोणीच घरी खेळू नये. म्हणजे कोणीच खेळपट्टी बिघडवू शकणार नाही. तर्क निर्दोष होता. परिणाम काय झाला? महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळेने नाबाद ३५१ आणि अंकित बावणेने नाबाद २५८ धावा करून दिल्लीविरुद्ध तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अखंड भागी केली. रणजी करंडकातील ती तोवरची सर्वांत मोठी भागी. पण ती घडली मुंबईत वानखेडे स्टेडियमवर, पुणेकरांच्या नजरेआड. नोव्हेंबरात बंगाल आणि गुजरात हे दोन संघ दिल्लीत एकमेकांशी खेळावयास गेले आणि तेथील धुरकट हवेमुळे सामनाच होऊ शकला नाही. दिल्लीचा धूर दिल्लीकरांनी सोसावा हे समजण्यासारखे आहे. कलकत्ता आणि अहमदाबादच्या मुलांनी तो खावयास तेवढ्यासाठी का जावे? एका हंगामातच मंडळास हा प्रयोग पुरे झाला आणि पुढील वर्षापासून संघ आपापल्या घरी परतले.

आम्हांस या प्रयोगाचे वैगुण्य वेगळ्याच जागी दिसते. अजमेरच्या मेयो कॉलेजचे मैदान राजांच्या दृष्टीने तटस्थ होते, पण तेथे सामना पाहणारी मुले होती, ती त्याच शाळेची होती आणि संध्याकाळी त्याच खेळपट्टीवर खेळणार होती. मैदान कोणाच्याही बाजूचे नसावे याचा अर्थ ते कोणाचेच नसावे, असा नव्हे. मंडळाने पक्षपात काढण्याच्या भरात प्रेक्षकही काढून टाकला.

आणि तरीही राजस्थानच्या कथेतील सर्वांत मोठा विनोद असा की, ज्या संघाने घरच्या मैदानावर तीन अंतिम लढती गमावल्या, त्याने करंडक जिंकला तो परक्या घरी. नोव्हेंबर २०१० मध्ये याच सवाई मानसिंह स्टेडियमवर दीपक चहर नावाच्या कोवळ्या गोलंदाजाने हैदराबादचे आठ गडी अवघ्या १० धावांत बाद केले आणि तो संघ २१ धावांत कोसळला. रणजी करंडकातील ती नीचांकी धावसंख्या. तेथून सुटलेला राजस्थानचा संघ खालच्या गटातून वर चढत जानेवारी २०११ मध्ये बडोद्यास पोहोचला आणि बडोद्याच्याच मैदानावर पहिल्या डावातील आघाडीवर करंडक घेऊन आला. पुढच्या वर्षी चेन्नईत तामिळनाडूविरुद्ध विनीत सक्सेनाने २५७ धावा केल्या व पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा संघाचा कप्तान होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर. १९९८ मध्ये ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध अखेरच्या षटकात चौकार मारणारा तो हाच. जन्मगाव सोडून राजस्थानच्या चाकरीत आलेल्या मराठी माणसाने राजस्थानला पहिला करंडक मिळवून द्यावा, आणि तोही मराठ्यांच्या गायकवाडी बडोद्यात, ही गोष्ट या पृष्ठावर सांगताना आमच्या लेखणीस थोडा अभिमान चिकटला तर वाचकांनी तो सोसून घ्यावा.

अलीकडे या स्टेडियमचे धनी कोण हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१४ साली राजस्थान क्रिकेट संघटना मंडळाने निलंबित केली. जयपूरचा म्हणविणारा व्यावसायिक संघ आपले घरचे सामने अहमदाबादेत खेळू लागला, २०१५ मध्ये काही मुंबईच्या ब्रेबोर्नवर, आणि २०१८ मध्ये जयपुरात परतल्यावर पुढे २०२३ पासून काही थेट गुवाहाटीस. जयपूरहून गुवाहाटी ही काही शेजारची आळी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये करार संपल्याचे कारण देऊन राज्य क्रीडा परिषदेने संघटनेच्या स्टेडियममधील कचेरीस टाळे ठोकले. म्हणजे पंचावन्न वर्षांनंतरही संघ घरात होता, आणि भिंत दुसऱ्याची होती.

तेव्हा महाविद्यालयाच्या संघाने बाहेरचे सामने कोठे खेळावेत? आमचे मत विचारले तर, सर्वांत मोठे सभागृह देऊ करणाऱ्याकडे जाऊ नये. जेथे आपले विद्यार्थी सायकलवर किंवा पायी पोहोचू शकतात, जेथे निम्म्याहून अधिक जागा वाटण्याचा हक्क महाविद्यालयाच्या हाती राहतो आणि जेथे संध्याकाळी शहरातील पोरे त्याच जमिनीवर खेळतात, तेथे खेळावे. जयपूरसारख्या शहरात याचा अर्थ रामबागेपेक्षा चौगानाकडे पाहावे, असा होतो. राजा गेला, हत्ती गेले. तटबंदीच्या आतील ती मोकळी जागा शहराच्या मध्यभागी अजून आहे, आणि जुन्या जयपुरातून तेथे जाण्यास वाहन लागत नाही. व्यावसायिक संघांनी गुवाहाटीस जावे. त्यांचा धंदा आहे.

महाराजा कॉलेजच्या मैदानावर १९६२-६३ नंतर रणजी करंडकाची अंतिम लढत पुन्हा झाली नाही.